गिअर उशिरा पडतो, की इंजिन उशिरा उचलते?

या सदराकडे अलीकडे ऑटोमॅटिक गाड्यांविषयी जी पत्रे येत आहेत, त्यांतील तक्रारीचे शब्द बहुधा एकच असतात : "गाडी पटकन उचलत नाही." मात्र या चार शब्दांत तीन निरनिराळे उशीर एकत्र मिसळलेले असतात. लिव्हर 'डी' (पुढे जाण्यासाठी) किंवा 'आर' (मागे येण्यासाठी) वर नेल्यापासून गाडीला प्रत्यक्ष ओढ मिळेपर्यंत जाणारा वेळ हा पहिला. चालत्या गाडीत एका गिअरवरून दुसऱ्यावर जाताना लागणारा वेळ हा दुसरा. आणि ॲक्सिलरेटर दाबल्यापासून इंजिनाने जोर धरेपर्यंतचा वेळ हा तिसरा. पहिल्या दोन्हींचा संबंध गिअरबॉक्सशी आणि तिसऱ्याचा बहुतेक वेळा इंजिनाशी असतो. नेमका कोणत्या क्षणी उशीर होतो हे मेकॅनिकला सांगता आले, तर पुष्कळसा खर्च वाचतो. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेली काही पत्रे संक्षिप्त करून, पत्रलेखकांची नावे गाळून, उत्तरांसह खाली देत आहोत.

प्रश्न : माझी पेट्रोलवरील ऑटोमॅटिक गाडी सहा वर्षांची असून ६८ हजार किलोमीटर चालली आहे. गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा, सहा गिअरचा आहे. सकाळी पार्किंगमधून मागे घेण्यासाठी 'आर' टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धक्क्याने गाडी हलते. थंडीत हा त्रास वाढतो. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जातानाही इंजिनाचा आवाज क्षणभर चढतो, पण वेग वाढत नाही. सर्व्हिस सेंटरच्या मते गिअरबॉक्सचे ऑईल 'आयुष्यभराचे' असल्यामुळे ते बदलण्याची गरज नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्याने मात्र गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागेल असे सांगितले आहे. कोणाचे ऐकावे?
— एक निवृत्त वाचक, गंगापूर रोड

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नका. आपण वर्णन केलेली लक्षणे खरी आहेत आणि ती गिअरबॉक्सचीच आहेत, त्यामुळे दुर्लक्ष करून चालणार नाही; परंतु गिअरबॉक्स खोलण्याआधी करावयाच्या दोन-तीन स्वस्त तपासण्या अजून झालेल्या दिसत नाहीत.

टॉर्क कन्व्हर्टर प्रकारात इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सकडे जाते आणि प्रत्येक गिअर हा आतल्या क्लच-संचांना ऑईलच्या दाबाने आवळून लावला जातो. लिव्हर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, असताना हे संच सैल असतात. आपण 'आर' टाकता, तेव्हा पंपाकडून आलेले ऑईल संबंधित संचाच्या पिस्टनमागची जागा भरते, दाब तयार होतो आणि मग गाडीला ओढ मिळते. निरोगी गिअरबॉक्समध्ये हे सारे साधारण एका सेकंदात उरकते. थंड गाडीत किंचित अधिक वेळ लागला तरी त्यात काळजीचे काही नाही. दोन-तीन सेकंद मात्र जास्त आहेत, आणि शेवटी बसणारा धक्का असे सांगतो की तोपर्यंत इंजिनाचे फेरे चढलेले असताना क्लच एकदम आवळला गेला.

दाब उशिरा तयार होण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे ऑईलची पातळी कमी असणे, आणि त्याचे कारण बहुधा एखाद्या सीलमधून किंवा कूलरच्या जोडणीतून होणारी बारीक गळती. दुसरे कारण जुने झालेले ऑईल व तुंबलेला फिल्टर. तिसरे कारण असे की, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतली रबरी सील कडक होतात; थंड असताना त्यांच्या कडेने दाब निसटतो आणि ऑईल तापले की ती थोडी मऊ होऊन पुन्हा बसतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा ऑईलही घट्ट असते. म्हणून आपला त्रास सकाळी आणि थंडीत अधिक जाणवतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला चढलेला आवाज हाही याच साखळीतला आहे : एका संचाने पकड सोडली, पण दुसऱ्याने अजून घेतलेली नाही, अशा अवस्थेत इंजिन क्षणभर मोकळे पळते. असे वारंवार होत राहिले तर क्लचच्या चकत्या जळतात, आणि आज नसलेले मोठे काम सहा महिन्यांनी खरोखरच निघते.

'आयुष्यभराचे ऑईल' या शब्दप्रयोगाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. हे आयुष्य कोणाचे, गाडीचे की वॉरंटीचे, हे कोणी सांगत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी आपल्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरनंतर, किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांनी, ऑईल बदलण्याची शिफारस करते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतही 'कठोर वापर' या मथळ्याखाली वेगळे वेळापत्रक असण्याची शक्यता आहे. ते जरूर पाहावे. घाट, उन्हाळा, सतत थांबत-सुटत चालणारी वाहतूक आणि पूर्ण भरलेली गाडी या साऱ्यांची गणना कठोर वापरात होते, आणि नाशिककराची गाडी यांतून क्वचितच सुटते.

तेव्हा प्रथम गिअरबॉक्सचा संगणक वाचू शकणाऱ्या स्कॅनरवर गाडी तपासून घ्यावी. 'पी ०७००' हा कोड दिसला, तर त्याचा अर्थ फक्त गिअरबॉक्सच्या नियंत्रकाने काही नोंद केली आहे एवढाच असतो. मूळ दोष त्या नियंत्रकात साठवलेल्या दुसऱ्या कोडमध्ये सापडतो. काही गॅरेजांत पहिला कोड वाचूनच निदान जाहीर होते, हे लक्षात ठेवावे. त्यानंतर ऑईलची पातळी. आजकालच्या बहुतेक गिअरबॉक्सना मोजपट्टी नसते. गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, ऑईल पुस्तिकेत दिलेल्या तापमानाच्या पट्ट्यात असताना तपासणीचा बोल्ट काढून पातळी पाहावी लागते. थंड गाडीचा बोल्ट उघडून "ऑईल बरोबर आहे" असे सांगणाऱ्याने प्रत्यक्षात काहीच तपासलेले नसते.

ऑईल तपकिरी झाले असेल पण त्याला जळका वास येत नसेल, तर ते बदलून पाहणे हा योग्य मार्ग आहे. तळाचा बोल्ट काढून केवळ निम्म्याच्या आसपास ऑईल निघते, कारण उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून काही शे किलोमीटर गाडी चालवून हीच कृती पुन्हा करावी. यंत्राच्या दाबाने सगळे ऑईल एकदम ढकलून काढण्याच्या पद्धतीचे मी जुन्या गाडीसाठी समर्थन करणार नाही, कारण तिच्यामुळे तळाशी बसलेला गाळ बारीक झडपांत जाऊन अडकू शकतो. ऑईल कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे असावे. तळाचे झाकण उघडल्यावर चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर तो नेहमीच्या झिजेचा आहे. धातूचे चकाकते तुकडे किंवा क्लचच्या चकत्यांचा काळा चुरा दिसला, ऑईल काळे पडून जळका वास येत असला, तर मात्र आपल्या गॅरेजवाल्याचे म्हणणे बरोबर ठरेल. ऑईल बदलल्यानंतर स्कॅनरद्वारे गिअरबॉक्सने आजवर शिकलेले जुने आकडे पुसून नव्याने शिकवणी करून घ्यावी. एवढे करूनही सकाळचा उशीर राहिला, तर पुढचा संशय सोलेनॉइड (ऑईलची वाट विजेने उघडबंद करणारे भाग) व झडपांच्या संचावर घ्यावा. पुष्कळ गाड्यांत तो गिअरबॉक्स न उतरवता खालून काढता येतो. पातळीही न पाहता गिअरबॉक्स खोलण्याचा आकडा सांगणाऱ्याकडे गाडी ठेवू नये, एवढे मात्र मी नि:संकोच सांगेन.

प्रश्न : माझ्याकडे एएमटी गिअरबॉक्सची छोटी गाडी आहे. शहरात पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना मान पुढे झुकते. मध्यंतरी आम्ही पाच जण सप्तशृंगी गडावर गेलो, तेव्हा नांदुरीहून वर चढताना प्रत्येक वळणावर गाडी रेंगाळत होती. पाय पूर्ण दाबला तरी एक क्षण काहीच होत नसे आणि मग एकदम खालचा गिअर पडे. एकदा तर मागे बस असताना गाडी किंचित मागे सरकली. सर्व्हिस सेंटरने "दोष नाही" असे लिहून दिले आहे. हे खरे मानावे का?
— एक वाचिका, सिडको

उत्तर : बहुतांशी खरे मानावे, मात्र ते लिहून देताना त्यांनी गाडी कशी चालवावी हेही सांगायला हवे होते.

एएमटी हा मुळात आपला नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर हलवण्याचे काम डाव्या पायाऐवजी व हाताऐवजी संगणकाच्या आज्ञेवरून चालणारी यंत्रणा करते, इतकाच फरक. भारतात २०१४मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओमध्ये हा प्रकार आणला आणि कमी किमतीत, मायलेज न गमावता, ऑटोमॅटिक गाडी मिळू लागली. त्याची किंमत अशी की, गिअर बदलताना क्लच सुटलेला असतो तेवढा वेळ चाकांना ताकद मिळत नाही. मॅन्युअल गाडी चालवतानाही हे घडते, परंतु तेव्हा गिअर बदलण्याचा निर्णय आपलाच असल्यामुळे पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. एएमटीत पाय दाबलेलाच राहतो, ताकद तुटते, आणि मान झुकते. म्हणून शहरात इंजिनाच्या आवाजावरून गिअर बदलण्याची वेळ ओळखून पाय अर्धा क्षण किंचित सैल करावा. हा धक्का बराच कमी होईल. सवय होण्यास थोडे दिवस लागतात.

घाटातील प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तीव्र वळणाआधी आपण वेग कमी करता, गाडी मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवरच असते. वळणातून बाहेर पडताना पाय दाबल्यावर संगणकाला कळते की इथे खालचा गिअर हवा, आणि मग क्लच सोडणे, गिअर बदलणे, क्लच पुन्हा धरणे हे सारे चढावर, पूर्ण ओझ्यासह, घडते. चालकाला वळण दिसते, गिअरबॉक्सला दिसत नाही. म्हणून नांदुरीचा असो वा कसाऱ्याहून इगतपुरीकडे येणारा असो, घाट सुरू होताच लिव्हर मॅन्युअल बाजूला घ्यावा आणि वळणात शिरण्यापूर्वीच दुसरा, गरज पडल्यास पहिला गिअर निवडावा. चुकीचा गिअर निवडला जाईल ही भीती नको. फेरे अति खाली गेले तर गाडी स्वतःच गिअर उतरवते आणि इंजिनाला झेपणार नाही असा खालचा गिअर स्वीकारत नाही. ट्रकला ओलांडतानाही हाच नियम : गिअर आधी उतरवावा आणि मगच बाजूला निघावे. रस्त्याच्या मधोमध आल्यावर पाय दाबून गिअर पडण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे. उतरतानाही मॅन्युअल बाजूच वापरावी, कारण 'डी'मध्ये पाय उचलताच वरचा गिअर पडण्याचा संभव असतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर 'एन' (न्यूट्रल) टाकणारे चालक अजूनही भेटतात. त्यांच्या गाडीत बसू नये.

गाडी मागे सरकली याचे कारण असे की, ब्रेकवरून पाय काढल्यापासून क्लचने पकड घेईपर्यंत जो अवकाश जातो, त्यात उतारावर तिला धरून ठेवणारे काही नसते. आपल्या गाडीत हिल होल्डची (चढावर ब्रेक क्षणभर धरून ठेवण्याची) सोय असेल तर ती ब्रेक पुरेसा दाबल्यावरच चालू होते; नसेल तर हॅन्डब्रेक लावावा, ॲक्सिलरेटर द्यावा आणि गाडी ओढ घेते असे जाणवताच हॅन्डब्रेक सोडावा. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरण्याची सवय मात्र अजिबात नको. तो सतत चाललेला हाफ क्लच असतो आणि त्यात क्लच प्लेट वेगाने झिजते.

एएमटीत खरा दोष कधी समजावा? पूर्वी नसलेला उशीर नव्याने सुरू झाला, चालताना गिअर आपोआप 'एन'वर आला, डॅशबोर्डच्या पाटीवरील गिअरचा आकडा लुकलुकू लागला, किंवा फेरे वाढूनही वेग वाढेना आणि जळका वास आला, तर त्वरित तपासणी हवी. क्लच प्लेट जशी झिजते तशी तिची पकडीची जागा सरकते, आणि संगणकाला ती जागा स्कॅनरद्वारे नव्याने दाखवावी लागते. या कॅलिब्रेशनने पुष्कळ गाड्या सुधारतात. "दोष नाही" असे लिहून देणाऱ्यांनी ते केले होते का, हे विचारून पाहावे.

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल, दुहेरी क्लचची गाडी दोन वर्षांची आहे. महामार्गावर ती अप्रतिम धावते, पण द्वारका आणि मुंबई नाक्याच्या गर्दीत फार चाचरते. वेग पंधरा-वीसपर्यंत कमी करून पुन्हा पाय दाबला की आधी शून्य प्रतिसाद आणि मग एकदम उसळी. उन्हाळ्यात एकदा क्लच तापल्याची सूचनाही पाटीवर आली. गाडीत दोष आहे की प्रकारच असा आहे?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : इथे निरनिराळे उशीर एकमेकांत मिसळले आहेत. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये विषम गिअर एका क्लचवर आणि सम गिअर दुसऱ्यावर असतात, आणि चालू गिअरबरोबर पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. अंदाज बरोबर ठरला की बदल क्षणार्धात होतो. महामार्गावर आपल्याला जाणवणारी सफाई हीच. गर्दीत मात्र आपण वेग कमी करता तेव्हा गिअरबॉक्स थांबण्याची तयारी करत असतो, आणि तेवढ्यात आपण पाय दाबता. अंदाज चुकतो, लावलेला गिअर काढून दुसरा लावावा लागतो. त्याच क्षणी इंजिनाचे फेरे हजार-बाराशेच्या आसपास असतात, आणि छोट्या टर्बो इंजिनात दीड हजारांच्या पुढे गेल्याशिवाय टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) दाब नीट तयार होत नाही. दोन्ही उशीर संपले की ताकद एकदम येते. तीच ती उसळी.

यावर उपाय पायात आहे. पूर्ण पाय दाबून वाट पाहण्यापेक्षा आधी हलका दाब द्यावा, गाडीने पकड घेतली की वाढवावा. द्वारकेला किंवा विल्होळीजवळ महामार्गावर मिसळताना 'स्पोर्ट' मोड अथवा मॅन्युअल बाजू वापरावी. 'इको' मोड बंद असल्याची खात्री करावी, कारण त्यात ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद मुद्दाम मंद केलेला असतो आणि वरचे गिअर लवकर पडतात. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असेल तर ती शहरात बटणाने बंद करून पाहावी. इंजिन पुन्हा चालू होण्याचा वेळही आपण गिअरबॉक्सच्या खात्यावर मांडत असता. आणखी एक : आपण डावा पाय ब्रेकवर ठेवत नाही ना? ब्रेक व ॲक्सिलरेटर एकत्र दाबले गेले तर बहुतेक आधुनिक गाड्यांचा संगणक इंजिनाची ताकद कापतो. हे कारण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि विचारले तरी मान्य करत नाही.

क्लच तापल्याच्या सूचनेकडे मात्र गांभीर्याने पाहावे. कोरड्या क्लचच्या प्रकारात उष्णता वाहून नेण्यासाठी ऑईल नसते, त्यामुळे इंचाइंचाने सरकणाऱ्या रांगेत क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो. तापल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक प्रतिसाद आणखी मंद करतो. पुढच्या गाडीला चिकटून सरकत राहण्याऐवजी थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच पुढे जावे. सूचना आलीच तर सुरक्षित जागी थांबून 'पी' टाकावा व पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे क्लच निवू द्यावा. थंड असतानाही गाडी सुटताना थरथरत असेल किंवा अशी सूचना वारंवार येत असेल, तर वॉरंटी आहे तोवर लेखी तक्रार नोंदवावी. तोंडी तक्रारीचा वॉरंटी संपल्यावर काही उपयोग होत नाही.

प्रश्न : सीव्हीटी गाडीत पाय दाबला की इंजिन जोरात ओरडते, पण वेग सावकाश वाढतो. क्लच घसरत आहे का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : बहुधा नाही. सीव्हीटीत ठराविक गिअर नसतात; रुंदी बदलणाऱ्या दोन पुली आणि त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा असतो. जास्त ताकद मागितली की ही यंत्रणा आधी इंजिनाला जास्त फेऱ्यांवर नेते आणि मग पुलींचे प्रमाण बदलत वेग वाढवते, म्हणून आवाज पुढे आणि वेग मागे असे वाटते. सपाट रस्त्यावर पाय एकाच दाबावर स्थिर ठेवून पाहावे : फेरे स्थिर राहत असतील तर गाडी ठीक आहे, वेग तोच असताना फेरे आपोआप वरखाली होत असतील, किंवा थरथर व कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर तपासणी करावी. सीव्हीटीचे ऑईल वेगळे असते. तिच्यात साधे ऑटोमॅटिकचे ऑईल चुकूनही पडता कामा नये.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये गिअर व्यवस्थित पडतात, पण सिग्नलवरून सुटताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर बधिर होते. नाशिक समुद्रसपाटीपासून उंच असल्यामुळे, किंवा पेट्रोलमधील इथेनॉलमुळे, असे होते असे मित्र सांगतात. गिअरबॉक्सचे ऑईल नुकतेच बदलले, तरी फरक नाही.
— एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : गिअर व्यवस्थित पडतात हे आपणच लिहिले आहे, मग गिअरबॉक्सच्या ऑईलवर खर्च का केला? हा तिसऱ्या प्रकारचा उशीर आहे आणि तो इंजिनाच्या बाजूचा आहे.

उंचीचा मुद्दा आधी निकालात काढू. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेवढ्या उंचीवर साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद पाच-सहा टक्क्यांनी घटते हे खरे, परंतु ती पहिल्या दिवसापासून घटलेली आहे. आठ वर्षांनी सुरू झालेल्या तक्रारीचे ते कारण होऊ शकत नाही. इथेनॉलचा मुद्दा अंशतः विचारात घेण्यासारखा आहे. आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे मायलेज थोडे घटते. सुटताना गाडी बधिर होण्याचे ते एकटे कारण सहसा नसते. मात्र जुन्या टाकीतील साचलेला मळ इथेनॉलमुळे सुटून फिल्टरमध्ये अडकू शकतो, म्हणून इंधनाचा दाब मोजून घ्यावा.

पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर घ्यावा. आता ॲक्सिलरेटरला केबल नसते. पायाचा दाब सेन्सर वाचतो आणि संगणक हवेची झडप उघडतो. झडपेच्या कडेला काजळी साचली की ती अगदी थोडी उघडण्याच्या अवस्थेत, म्हणजे नेमकी गाडी सुटताना, हवेचा हिशेब चुकतो. झडप साफ करून तिची बंद स्थिती संगणकाला नव्याने दाखवणे हे कमी खर्चाचे काम आहे. त्याच वेळी एअर फिल्टर, हवा मोजणारा सेन्सर आणि स्पार्क प्लग पाहून घ्यावेत. सातपूर-अंबडच्या धुळीतून रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीआधीच भरतो.

प्रश्न : डिझेल एसयूव्ही चढावर दबते आणि गिअर सारखे वरखाली होतात. रोजचे जाणे-येणे घर ते माळेगाव एमआयडीसी एवढेच. गिअरबॉक्स गेला का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : इंजिनाला पुरेशी ताकद मिळत नसली की गिअरबॉक्स योग्य गिअर शोधत वरखाली करतो, तो बिचारा निरपराध असतो. टर्बोपासून निघणारा हवेचा पाइप फाटला आहे का, जोडणीतून फुसफुस ऐकू येते का आणि ईजीआर झडप (धुराचा काही भाग इंजिनात परत पाठवणारी) काजळीने अडकली आहे का, हे पाहावे. १ एप्रिल २०२०नंतरची बीएस-६ गाडी असेल तर डीपीएफचाही विचार करावा : हा धुराचा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी पुरेसा वेळ तापलेला राहावा लागतो, आणि रोजच्या छोट्या फेऱ्यांत ते होत नाही. फिल्टरचा दिवा लागला असेल तर समृद्धी महामार्गावर अर्धा तास एकसमान वेगाने गाडी चालवावी. दिवा विझला नाही तर सर्व्हिस सेंटर गाठावे. फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील. ते बेकायदा आहे.

प्रश्न : बॅटरी बदलल्यापासून ऑटोमॅटिक गाडी झटके देत गिअर बदलते. बॅटरी बसवताना काही चुकले का?
— एक वाचिका, देवळाली कॅम्प

उत्तर : बहुधा काही चुकलेले नाही. वीज तुटल्यावर काही गाड्यांचा संगणक आपली चालवण्याची पद्धत, थ्रॉटलची स्थिती आणि क्लचची झीज यांविषयी शिकलेले विसरतो. काही दिवस कमी-अधिक वेगाने, सौम्यपणे गाडी चालवली की तो पुन्हा शिकतो. आठवड्याभरातही फरक पडला नाही, तर स्कॅनरवर शिकवणी करून घ्यावी आणि बॅटरीच्या टोकांची पकड व व्होल्टेज तपासून घ्यावे; कमी व्होल्टेजवर गिअरबॉक्सचे सोलेनॉइड नीट काम करत नाहीत.

प्रश्न : जुनी ऑटोमॅटिक गाडी विकत घेत आहे. गिअरबॉक्स कसा पारखावा?
— एक वाचक, ओझर

उत्तर : विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की आपण येण्यापूर्वी गाडी सुरू करू नये, आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून ती थंड आहे याची खात्री करावी, गरम गाडीत निम्मे दोष झाकले जातात. ब्रेक दाबून 'पी'वरून 'आर' आणि 'आर'वरून 'डी' टाकावे, दोन्ही वेळा ओढ मिळण्यास किती वेळ लागतो आणि धक्का बसतो का हे पाहावे. नंतर हलक्या पायाने सगळे गिअर पडेपर्यंत चालवावे आणि मोकळ्या रस्त्यावर एकदा पूर्ण पाय दाबून गिअर किती चटकन उतरतो ते बघावे. चढ हवाच, म्हणून पांडवलेण्यांच्या पायथ्याजवळील एखाद्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून पाहावी. गाडी पुरती तापल्यावर 'आर' आणि 'डी'ची तीच कृती पुन्हा करावी. सर्व्हिसच्या नोंदींत गिअरबॉक्सच्या ऑईलची पावती शोधावी, आणि सौदा ठरण्यापूर्वी आपल्या मेकॅनिकच्या स्कॅनरवर साठवलेले कोड वाचून घ्यावेत. आदल्या दिवशीच कोड पुसल्याचे दिसले, तर दुसरी गाडी पाहावी.